जर तो कागद आधी भरला असता तर...

इतिहासात जर-तरला जागा नसते, असे म्हणतात. पण पानिपतचा धडा सुरू झाला की मागच्या बाकावरून प्रश्न यायचाच, "सर, विश्वासरावांना गोळी लागली नसती तर?" पेणला शाळेत मी इतकी वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला, पण हा प्रश्न आला नाही असे एकही वर्ष आठवत नाही. मी तो कधी टाळलाही नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी तर याच प्रश्नावर 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा लिहिली. गोळी विश्वासरावांच्या कानाला चाटून जाते आणि पुढचा सगळा इतिहासच बदलतो!

मुलांना मी जर-तरचे दोन नियम सांगत असे. पहिला, एकच गोष्ट बदलायची आणि तीही लहानात लहान. दुसरा, ती गोष्ट त्या वेळी त्या माणसांना खरोखर करता येण्यासारखी हवी. भाऊसाहेबांकडे विमाने असती तर, हा जर-तर नव्हे. ती नुसती गंमत.

आज हेच दोन नियम लावून एका वेगळ्याच घटनेकडे पाहू या. घटना पानिपतची नाही, न्यूयॉर्कची आहे. १ ऑगस्ट १९७१, रविवार. आपल्याकडे १ ऑगस्ट म्हणजे लोकमान्यांची पुण्यतिथी, शाळाशाळांतून भाषणे पाठ करून म्हणायचा दिवस. त्याच दिवशी तिकडे मॅडिसन स्क्वेअर गार्डन या भल्यामोठ्या सभागृहात बांगलादेशच्या निर्वासितांसाठी एक मैफल झाली. दुपारी एक खेळ, रात्री एक. दोन्ही मिळून सुमारे ४०,००० श्रोते. रॉक संगीताच्या जगात मदतीसाठी एवढा मोठा जलसा त्याआधी झाला नव्हता.

मला रॉक संगीतातले काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमचे कान नाट्यसंगीतावर आणि रेडिओवरच्या शास्त्रीय गायनावर तयार झालेले. पण नातू त्या संगीताचा वेडा आहे. त्याने त्या मैफलीचा चित्रपट मला दाखवला, आणि मी बसलो तो पंडित रविशंकरांसाठी. नातवाचा जर-तर ठरलेला आहे, "आजोबा, त्या दिवशी जॉन लेनन आला असता तर?" माझा जर-तर निराळा आहे. तो गाण्याचा नाही, कागदाचा आहे.

पण आधी पार्श्वभूमी सांगायला हवी.

नोव्हेंबर १९७० मध्ये पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भोला चक्रीवादळ आदळले. तीन ते पाच लाख माणसे गेली, असा अंदाज आहे. डिसेंबरात निवडणूक झाली, शेख मुजीबुर रहमान यांच्या पक्षाला बहुमत मिळाले, पण सत्ता मिळाली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात लष्कर माणसांवर तुटून पडले. त्यानंतर जीव मुठीत धरून भारतात आलेल्यांची संख्या वर्षअखेर एक कोटीच्या घरात गेली. पश्चिम बंगाल, त्रिपुरा, आसाम, मेघालय... जिथे जागा मिळेल तिथे छावण्या. पावसाळा आला आणि छावण्यांत पटकी पसरली.

मी तेव्हा रोह्यात होतो, विशी नुकती ओलांडलेला. बंगाल आम्हाला लांबच. पण हे दुःख आमच्या घरापर्यंत आले ते पोस्टाच्या तिकिटातून. १५ नोव्हेंबर १९७१ पासून सरकारने टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट सक्तीचे केले. आधी कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटांवरच 'शरणार्थी सहायता' असा शिक्का छापून ती चालवली, मग वेगळे तिकीट निघाले. मुंबईला गिरणीत असलेल्या थोरल्या भावाला पत्र टाकायचे, तर ते पाच पैशांचे तिकीट लावावेच लागे. ३१ मार्च १९७३ पर्यंत हे चालले. आमच्या आईला वाचता येत नव्हते, पण हे तिकीट कशाचे ते तिला ठाऊक होते. हे तिकीट लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

आता न्यूयॉर्ककडे वळू. रविशंकरांचे घराणे मूळचे पूर्व बंगालातले. त्यांचे गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँ ब्राह्मणबाडियाजवळच्या शिबपूरचे, म्हणजे आजच्या बांगलादेशातलेच. १९७१ च्या उन्हाळ्यात रविशंकर अमेरिकेत होते. आपल्या माणसांचे हाल त्यांना बघवेनात. एखादा कार्यक्रम करून २५,००० डॉलर जमवावेत, एवढीच त्यांची कल्पना होती. हे त्यांनी आपला शिष्य आणि मित्र जॉर्ज हॅरिसन याच्या कानावर घातले. हॅरिसन म्हणजे बीटल्स या जगप्रसिद्ध चौकडीतला एक. मुंबईत राहून सतारीचे धडे घेतलेला माणूस. त्याने मनावर घेतले आणि पाच-सहा आठवड्यांत सगळे जुळवून आणले. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, लिऑन रसेल, बिली प्रेस्टन अशी मातब्बर मंडळी कोणी बिदागीची भाषा न करता आली.

सुरुवात मात्र आपल्या लोकांनी केली. सतारीवर रविशंकर, सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्ये लावून होतात न होतात तोच टाळ्यांचा कडकडाट झाला! तेव्हा रविशंकर हसून म्हणाले की, नुसते सूर जुळवणे एवढे आवडले असेल तर वाजवणे आणखी आवडेल. आणि मग त्यांनी 'बांगला धुन' वाजवली.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्या दिवशी जगातल्या एकाही देशाने बांगलादेशला मान्यता दिलेली नव्हती. भारताने आणि भूतानने दिली ती ६ डिसेंबरला. अमेरिकेचे सरकार तर पाकिस्तानच्या बाजूने उभे होते. अशा वेळी त्याच अमेरिकेच्या सगळ्यात मोठ्या शहरात भिंतीभिंतीवर 'बांगला देश' हे नाव लागले. ज्यांना तो देश नकाशावर दाखवता आला नसता त्यांच्या तोंडी ते नाव बसले. मैफलीचे हे काम त्याच दिवशी पुरे झाले.

दुसरे काम पैशाचे. खरी गोष्ट इथे सुरू होते.

तिकीटविक्रीचे २,४३,४१८ डॉलर आणि ५० सेंट थोड्याच दिवसांत युनिसेफकडे गेले. रविशंकरांनी मनात धरले होते त्याच्या जवळजवळ दहापट! पण मोठा पैसा पुढे यायचा होता. डिसेंबरात मैफलीच्या तीन ध्वनिमुद्रिकांचा संच निघाला, १९७२ मध्ये चित्रपट आला, १९७३ मध्ये त्या संचाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. लोकांनी डोळे झाकून विकत घेतले, कारण प्रत्येकाला वाटत होते की आपला पैसा त्या पोरांच्या दुधाला जातो आहे.

तो जात नव्हता. तो अडकला होता.

घाईगर्दीत एक गोष्ट राहून गेली होती. पैसे युनिसेफला जाणार, ही तजवीज कार्यक्रमाआधी कागदावर झालेली नव्हती. ध्वनिमुद्रिकांची कमाई आधी कंपनीच्या खात्यात येई आणि तिथून दान होणार होते. अमेरिकेच्या आयकर खात्याने प्रश्न केला, हे दान की कंपनीचे उत्पन्न? उत्पन्न असेल तर कर भरा. तिकडे ब्रिटिश सरकारनेही ध्वनिमुद्रिकांवरचा विक्रीकर सोडायला नकार दिला. शेवटी हॅरिसनने १९७३ मध्ये स्वतः दहा लाख पौंडांचा धनादेश ब्रिटिश खजिन्याच्या नावाने लिहून दिला, असे सांगतात. अमेरिकेत वाद चालूच राहिला. ८० लाखांहून अधिक डॉलर जवळजवळ दहा वर्षे पडून राहिले आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मोकळे झाले. १९७१ च्या छावणीत जन्मलेले मूल तोवर चौथी-पाचवीच्या वर्गात जाऊन बसले असेल. जगले असेल तर.

अडकलेला पैसा म्हणजे काय, हे पेणकरांना वेगळे सांगायला नको. २०१० साली इथली एक सहकारी बँक बंद पडली, तेव्हा पासबुकात रक्कम आहे आणि औषधाला पैसे नाहीत, अशी माणसे गल्लोगल्ली दिसली. पैसा कागदावर असणे आणि हातात असणे यातले अंतर त्यांना कळते.

तर आता माझा जर-तर. नियमाप्रमाणे एकच बदल, लहानसा आणि शक्य असलेला. समजा, जुलै १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या एखाद्या कचेरीतला एक जुना जाणता कारकून हॅरिसनच्या माणसांना म्हणतो, "साहेब, तिकिटे विकायच्या आधी एवढे करून घ्या. जमणारा प्रत्येक डॉलर कोणाचा, ते आजच लिहा. युनिसेफची सही घ्या. मग खुशाल गा." एक बैठक, दोन सह्या, चार प्रती. मैफल आहे तशीच होते. तीच माणसे, तीच गाणी, त्याच टाळ्या. बदलते ते एवढेच की १९७२ पासून ध्वनिमुद्रिकांचा पैसा अडथळ्याविना वाहू लागतो.

मग काय झाले असते?

डिसेंबर १९७१ च्या युद्धानंतर निर्वासित परतले ते जळक्या घरांकडे आणि बैल नसलेल्या शेतांकडे. १९७४ मध्ये तिथे मोठा पूर आला आणि मागोमाग दुष्काळ. किती मेले याचे आकडे सरकारी २६-२७ हजारांपासून अभ्यासकांच्या दहा-पंधरा लाखांपर्यंत जातात. प्रा. अमर्त्य सेन यांनी या दुष्काळाचा अभ्यास केला आहे. त्यांचा निष्कर्ष असा की त्या वर्षी देशात धान्य आधीच्या वर्षांपेक्षा कमी नव्हते. पुरामुळे शेतमजुरांचा रोजगार बुडाला, तांदळाचे भाव चढले आणि ज्यांच्या हातात पैसा नव्हता ते धान्य असलेल्या देशात उपाशी मेले. म्हणजे उणीव होती ती हातातल्या पैशाची. आणि नेमका तेव्हाच त्यांच्या नावाने जमलेला पैसा साता समुद्रापलीकडे सरकारी वादात पडून होता!

इथे मोह आवरायला हवा. तेवढ्या डॉलरांनी दुष्काळ टळला असता, असे म्हणणे खोटे ठरेल. देश सात कोटींचा, रक्कम त्या मानाने चिमूटभर. युनिसेफ काही मजुरी वाटत नाही, ती मुलांसाठी दूध, औषधे, पाणी पाहते. फार तर काही हजार मुले वाचली असती, असे मी म्हणेन.

आणि जर-तर प्रामाणिकपणे करायचा तर उलटी बाजूही पाहावी लागते. त्याच सुमारास युनिसेफच्या मदतीने बांगलादेशात गावोगावी हातपंपाच्या नळविहिरी खोदल्या जात होत्या. तळ्याचे दूषित पाणी पिऊन मुले हगवणीने मरत, त्यावर हा उपाय होता आणि त्याने मुले वाचलीही. पण १९९३ मध्ये कळले की अनेक विहिरींच्या पाण्यात जमिनीतले आर्सेनिक, म्हणजे सोमल, उतरलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००० साली एका लेखात याला इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटले गेले. तेव्हा पैसा वेळेवर गेला असता तर कदाचित आणखी काही विहिरी लवकर खोदल्या गेल्या असत्या आणि त्यातल्या काहींचे पाणी तसलेच निघाले असते. हेही मांडले पाहिजे. जर-तर म्हणजे आपल्या आवडीचा शेवट नव्हे.

तरीही माझे म्हणणे उरतेच. विहिरीतला सोमल १९७१ मध्ये कोणाला दिसत नव्हता. कागद मात्र दिसत होता.

आता नातवाचा जर-तर तपासू. लेनन आला असता, पॉल मॅकार्टनी आला असता, चौघे बीटल्स पुन्हा एकत्र उभे राहिले असते, तर? जग वेडे झाले असते, कबूल. ध्वनिमुद्रिका दुप्पट-तिप्पट खपल्या असत्या. आणि मग? अडकलेला आकडा तेवढ्या पटीने मोठा झाला असता, बस. नातू यावर क्षणभर गप्प बसला, मग म्हणाला, "आजोबा, तुम्ही मजा घालवता."

असो. आता ते पाच पैशांचे तिकीट आठवा. तिथे गायक नव्हता, टाळ्या नव्हत्या, तिकिटाबद्दल कुरकूरच जास्त होती. पण पैसा कोणाकडून, कशासाठी, कोणत्या खात्यात, हे आधी कायद्याने ठरले आणि मग वसुली सुरू झाली. मदतीची हौस नंतर, हिशेब आधी. हॅरिसनची मैफल नेमकी उलट्या क्रमाने गेली.

हा धडा कोणी घेतला का? घेतला. १३ जुलै १९८५ ला इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडन आणि फिलाडेल्फिया इथे 'लाइव्ह एड' हा महाप्रचंड कार्यक्रम झाला. तो घडवून आणणाऱ्या बॉब गेल्डॉफला हॅरिसनने सल्ला दिला तो गाण्याबद्दल नव्हता. कागदपत्रे आधी नीट करून घे, हा होता. त्यांचा न्यास आधीच स्थापन झालेला होता. त्या मदतीच्या वापराबद्दल पुढे टीका झाली, पण पैसा वाटेत दहा वर्षे अडकला नाही.

पेणला आमच्या एका मुख्याध्यापकांना हा धडा कोणी शिकवावा लागला नाही. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीला पूर आला. सुधागडातले जांभुळपाडा उद्ध्वस्त झाले, नागोठण्याची दैना झाली. नागोठणे म्हणजे पेण आणि रोहा यांच्या मधले गाव, प्रत्येकाचे कोणी ना कोणी तिथे. मुले वर्गात बसायला तयार नव्हती, डबे घेऊन गावात फिरतो म्हणाली. मुख्याध्यापकांनी अर्धा दिवस थांबवले. आधी फळ्यावर लिहिले : रोख रक्कम तहसीलदारांकडे जाईल, धान्य आणि कपडे टेम्पोने जातील, नेणार कोण, उतरवून घेणार कोण. पावतीपुस्तकावर शाळेचा शिक्का मारला, मग मुलांना सोडले. शिक्षकांच्या खोलीत तेव्हा बरीच कुजबुज झाली की, लोक चिखलात आणि हे शिक्के मारत बसलेत. आठ दिवसांनी तहसील कचेरीची पावती आणि सामानाची यादी सूचनाफलकावर लागली. पाचवीतली पोरे टाचा उंचावून त्यात आपला रुपया शोधत होती. चिंतामणराव देशमुखांसारखा देशाचा अर्थमंत्री ज्या रोह्यात लहानाचा मोठा झाला, त्या भागात हिशेबाला कोणी कमी लेखू नये, असे ते मुख्याध्यापक म्हणत.

आता आपल्या महाराष्ट्रातलेच मोठे उदाहरण. १ नोव्हेंबर १९९६ ला मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम अंधेरीच्या क्रीडासंकुलात झाला. मराठी तरुणांना रोजगार मिळावा म्हणून काढलेल्या शिवउद्योग सेनेच्या निधीसाठी तो होता. सोनाली बेंद्रे नऊवारी नेसून विमानतळावर त्याच्या स्वागताला गेली होती, ते चित्र अनेकांना आठवत असेल. युती सरकारने कार्यक्रमाला करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायत त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. २०११ मध्ये न्यायालयाने माफीचा आदेश रद्द करून सरकारला नव्याने निर्णय घ्यायला सांगितले. जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने पुन्हा माफीच दिली. सव्वातीन कोटींहून अधिक रकमेचा वाद २४ वर्षे चालला. तोवर तो गायक जाऊनही अकरा वर्षे झाली होती. ही माफी योग्य की अयोग्य, या वादात मी पडत नाही. मला एवढेच दिसते की इतकी वर्षे बातम्या आल्या त्या कराच्या. रोजगाराच्या नावाने झालेल्या कार्यक्रमात रोजगाराचा हिशेब कुठे चर्चेलाच आला नाही.

मंडळी, मैफली होऊ नयेत असे मला म्हणायचे नाही. हॅरिसनच्या नावाचा निधी युनिसेफमार्फत आजही मुलांसाठी काम करतो, आणि त्या मैफलीने जगाला दिलेले नाव तर कुठल्याच आयकर खात्याला अडवता आले नाही. गाणाऱ्याने गावेच. पण त्याच्या शेजारी एक कारकून बसवावा आणि त्याला गाणाऱ्याइतकाच मान द्यावा.

आपल्या रायगडाला पावसाळा काही नवा नाही. २००५ ला दासगाव आणि जुई, २०२१ ला तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. दर वेळी मदतीचा ओघ लागतो, लागायलाच हवा. आता डबे घेऊन कोणी फिरत नाही, मोबाइलवर एक चौकोनी ठिपक्यांचे चित्र येते आणि बोट लावले की पैसे जातात. पुढच्या वेळी बोट लावण्याआधी त्या चित्राखाली नाव कोणाचे आहे, ते वाचा. पावती मिळते का, पाहा. महिन्याभराने हिशेब कुठे लागला, ते विचारा. कोणी म्हणेल, लोक चिखलात आहेत आणि तुम्ही पावती मागता?

खुशाल मागा.